औषधी रोपं लावायची आहेत? आधी मुंबईत एक फेरी मारा

मुरबाडजवळच्या आमच्या पाऊण एकरात औषधी आणि सुगंधी झाडांची रोपवाटिका उभी करायची आहे. रोपं काय, कुठेही मिळतात. पण हे रोप कोणत्या झाडापासून केलं, ते झाड कुणी ओळखलं, हे विचारलं की बहुतेक विक्रेते गप्प होतात. म्हणून जूनच्या शेवटी मी आणि नाना, म्हणजे माझे सासरे, मुंबईला गेलो. रोपं आणायला कमी, झाडं बघायला जास्त. तुम्हीही जाणार असाल तर बुधवार आणि रविवार टाळा. बुधवारी राणीबाग बंद असते, रविवारी काळबादेवीतली बरीच दुकानं.

दादरला पहाटेच पोहोचा. पश्चिमेला सेनापती बापट मार्गावर फुलबाजाराच्या आजूबाजूला पालघर, डहाणूकडच्या बायका रानातला माल घेऊन बसलेल्या असतात. आघाडा, माका, बेल, दूर्वा आणि पावसाळा लागला की रानभाज्या. ऊन चढलं की त्या उठतात, त्यामुळे सात वाजायच्या आत गेलेलं बरं. आधी काहीतरी विकत घ्या आणि मगच प्रश्न विचारा. त्यांची ती धंद्याची वेळ असते.

एका मावशींकडे गुळवेलीची ताजी कांडं होती.

"मावशी, कुठल्या झाडावरची?"

"कडुनिंबावरची, ताई. आमच्या पाड्यातली. मुळासकट नाय काढत आम्ही, वरचीच तोडतो."

नानांनी कांडावर नख ओढलं. कागदासारखा पापुद्रा निघाला, खाली हिरवागार. मावशींनी विळ्याने आडवा काप घेऊन दाखवला, तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. एवढं निरखून बघण्याला कारण आहे. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. त्यावर आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत होत असल्याकडे लक्ष वेधलं. त्या वेलीचं खोड करडं असतं आणि त्यावर फोडांसारखे उंचवटे असतात. आता विचार करा, रोपवाटिकेत चुकीच्या वेलीची एक कांडी शिरली तर दोन वर्षांत तिच्या शेकडो होतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक ती विश्वासाने घरी नेतं. म्हणून मातृवेलीची पानं, खोड, फुलं आणि फळं या सगळ्यांचे फोटो काढल्याशिवाय काडी लावायची नाही, हे आम्ही ठरवून टाकलंय.

काडी घेताना पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, दोन-तीन डोळ्यांची घ्या. खालचा काप तिरका द्या, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. आणल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. जून-जुलै हा तिचा हक्काचा काळ.

दादरहून सायनला उतरून पश्चिमेला धारावीच्या बाजूने महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठलं. मिठी नदीच्या काठी ३७ एकरांवरचं हे रान एकेकाळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, हे आत गेल्यावर खरं वाटत नाही. ज्यांची जमीन खराब आहे त्यांनी तर हे नक्की पाहावं. उद्यानाची स्वतःची रोपवाटिका आहे. काय उपलब्ध आहे ते जाण्याआधी फोन करून विचारा. तिथे उभं राहून शिकण्यासारखं म्हणजे कोणतं झाड कशापासून होतं. अडुळसा, निर्गुंडी छाटकलमावर, म्हणजे फांदीचा तुकडा लावून, सहज येतात. गवती चहा आणि वाळा ठोंब फोडून लावायचे. पाती वीतभर ठेवून छाटा, नाहीतर मुळं धरायच्या आधीच ठोंब सुकतो. पिंपळी छाटकलमावरच करा, कारण तिच्यात नर-मादी वेल वेगळे असतात आणि फळं मादीवर धरतात. बी लावून बसलात तर वेल फळणार की नाही हे फार उशिरा कळेल. तिला सावली हवी, त्यामुळे नारळी-पोफळीच्या बागेत ती छान रमते.

पण माझ्या मनात घर केलं ते राणीबागेने. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, चालत दहा मिनिटं. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेत लोक पेंग्विन बघायला रांगा लावतात, आम्ही सीताअशोकाखाली जाऊन उभे राहिलो. मुंबईतल्या सोसायट्यांच्या कुंपणालगत जे उंच, सरळसोट 'अशोक' दिसतात, ते वेगळंच झाड. औषधात साल लागते ती सीताअशोकाची. बाजारात मात्र त्या कुंपणाच्या झाडाची साल तिच्यात मिसळली जाते. सालीसाठी खऱ्या अशोकावर इतके घाव बसलेत की तो आज संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. त्याची लागवड वाढायला हवी, असं मला अगदी तळमळून वाटतं.

त्याच्या चपट्या शेंगा आधी जांभळट आणि पिकल्यावर काळपट होतात. बी वाळवून डब्यात ठेवायचं झाड हे नाही. वाळलं की त्याची उगवणशक्ती जाते. पडलेलं ताजं बी लगेच, दोन-चार दिवसांच्या आत पिशवीत लावायचं. राणीबागेतून मात्र पान, बी काहीही उचलू नका. ती जागा ओळख पक्की करण्यासाठी आहे. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत पालिकेचं उद्यान खातं तिथे झाडाफुलांचं प्रदर्शन भरवतं, रोपं-अवजारांच्या खरेदीसाठी तेव्हा जा.

दुपारी काळबादेवी. काष्ठौषधींच्या, म्हणजे वाळलेल्या मुळ्या-साली वगैरेंच्या, दुकानात पाव-पाव किलो माल घ्या आणि व्यापाऱ्याला सरळ विचारा, "शेठ, तुम्हाला माल कसा लागतो?" आम्हाला शतावरीचे दोन नमुने दाखवले. एक सोललेली, पिवळट-पांढरी, नीट वाळलेली. दुसरी सालासकट, मातकट, सुरकुतलेली. भावात बरीच तफावत. म्हणजे मुळं काढून झाली की शेतकऱ्याचं काम संपत नाही, उकळणं, सोलणं, वाळवणं यालाच पैसे आहेत. शतावरीचं बी टणक असतं. रात्रभर भिजवून पेरा आणि महिनाभर वाट पाहायची तयारी ठेवा.

"आमची रोपं घ्या, माल आम्हीच उचलू" असं सांगत कुणी महागडी रोपं गळ्यात मारत असेल तर आधी या गल्लीत भाव काढा. सफेद मुसळीच्या वेळी आपल्याकडचे किती शेतकरी अशा करारांत पोळले, ते आठवा. सुधारित वाणांसाठी लखनौची सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) आणि आणंदजवळची बोरियावी इथली औषधी वनस्पतींची संस्था, तर सल्ल्यासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पुणे विद्यापीठातलं विभागीय केंद्र, या सरकारी जागा आहेत.

परत येताना रोपांची टोपली असेल तर संध्याकाळच्या गर्दीआधी गाडी पकडा. प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधा आणि त्यावर नाव, कुठून घेतलं आणि तारीख लिहा. शाईचं पेन पावसात पुसतं, पेन्सिल वापरा. आपल्याकडच्या पावसात पिशव्यांना तळाशी भोकं जास्त पाडा, मातीत वाळू थोडी सढळ हाताने घाला आणि पहिले तीन आठवडे शेडनेटखाली विटांवर ठेवा. कांड्या पाण्यावाचून कमी मरतात, तुंबलेल्या पाण्याने जास्त.