सोळा पायऱ्यांचे पुस्तक

माझ्या मुलीला नवव्या वाढदिवसाला प्राचीन इजिप्तवरचे एक पुस्तक भेट मिळाले. त्यात उघडायच्या झडपा होत्या, पाकिटांत घडी घातलेली पत्रे होती, ओढायच्या पट्ट्या होत्या आणि मधल्या पानावर उभा राहणारा पिरॅमिड होता. पंधरा मिनिटांत तिने सगळ्या झडपा उघडल्या, सगळी पाकिटे रिकामी केली आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवले. इजिप्तचा राजा तुतनखामुन याचा मुखवटा सोन्याचा आहे एवढे तिच्या लक्षात राहिले. पण त्या मुखवट्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली आणि मधल्या काळात माणसे नेमके काय करत होती, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हते. उत्खनन म्हणजे खजिना उघडणे, असा तिचा समज झाला होता. तो मला फार लागला. हीच हकिगत योग्य क्रमाने उलगडणारे पुस्तक आपणच हाताने तयार करावे, असे मी ठरवले आणि त्यात पुढचे पाच महिने गेले.

पहिला महिना नुसत्या वाचनात गेला. तुतनखामुनचे थडगे शोधणारे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांच्या रोजनिश्या, प्रत्येक वस्तूची नोंदपत्रे आणि हॅरी बर्टन यांनी काढलेली छायाचित्रे ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहेत. ४ नोव्हेंबर १९२२ ची नोंद जेमतेम एका ओळीची आहे: थडग्याच्या पहिल्या पायऱ्या सापडल्या. पहिली पायरी पाणी वाहणाऱ्या एका मुलाला दिसली, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते आणि मुलांच्या पुस्तकासाठी ती अगदी चपखल आहे. परंतु त्या नोंदीत तो मुलगा नाही, म्हणून मोह आवरून मी ती वगळली. त्याऐवजी अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सईद या इजिप्शियन मुकादमांची नावे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत घातली. कार्टर यांनी त्यांचे आभार मानले आहेत, तरी बहुतेक पुस्तकांत ती नावे येत नाहीत.

पायऱ्यांचे पान मला सर्वांत जवळचे आहे. ५ नोव्हेंबरला बाराव्या पायरीपर्यंत मलबा निघाला आणि मोहोर लावलेल्या दाराचा वरचा भाग दिसला. तेवढ्यावर कार्टर थांबले. उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन इंग्लंडमध्ये होते. त्यांना तार करून कार्टर यांनी त्या पायऱ्या पुन्हा बुजवून टाकल्या आणि अडीच आठवड्यांहून अधिक काळ वाट पाहिली. सापडलेले पुन्हा झाकून ठेवणे ही कृती मुलांच्या हातून व्हावी, असे मला मनापासून वाटत होते. म्हणून मी सोळा पायऱ्यांची एकच लांब पट्टी घड्या घालून केली आणि ती अशी चिकटवली की, बारा पायऱ्या उलगडल्यावर त्या परत मिटून खाचेत सरकवल्याखेरीज पुढचे पान उलटताच येत नाही. उरलेल्या चार पायऱ्या, म्हणजे २४ नोव्हेंबरचा दिवस, पुढच्या पानावरच्या छिद्रातून बाहेर येतात.

या पट्टीने मला कागदाचा स्वभाव शिकवला. पहिल्या तीन पट्ट्या घडीवर तडकल्या आणि पांढऱ्या रेषा दिसू लागल्या. आमच्या पेठेतल्या छापखान्यातील एका अनुभवी कारागिरांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून दाखवले. ज्या बाजूने ते सहज वाकते त्या बाजूला कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, असतो आणि घडी नेहमी त्याच दिशेने घालायची असते, हे त्यांनी समजावले. त्यानंतर मी रिकाम्या बॉलपेनने फूटपट्टीच्या आधाराने क्रीज पाडून मगच घडी घालू लागले आणि चौथी पट्टी शंभर वेळा उघडून मिटली तरी टिकली.

खरी परीक्षा दफनकक्षाच्या पानाने घेतली. तुतनखामुनची ममी एकात एक अशा आठ आवरणांत होती: सोन्याचा पत्रा मढवलेली चार लाकडी देवघरे, दगडी पेटी आणि तिच्या आत तीन शवपेट्या, त्यांतली सर्वांत आतली भरीव सोन्याची, सुमारे ११० किलो वजनाची. ही आठही आवरणे मी जाड कार्डाची केली आणि पुस्तक मिटेनासे झाले. कणा फुगून शिवण उसवली. शेवटी शवपेट्या तेवढ्या कार्डाच्या ठेवल्या, बाकीच्यांसाठी पातळ कागद घेतला आणि कण्यात प्रत्येक पानामागे दोन बोटे रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या शिवल्या, जेणेकरून आतल्या जाडीला जागा मिळेल. पहिल्या आणि दुसऱ्या देवघरांच्या मध्ये तागाच्या कापडाचा पडदा होता आणि त्यावर सोनेरी फुले शिवलेली होती. तो मी बटर पेपरचा केला. दुसऱ्या देवघराच्या दाराला बांधलेली दोरी आणि तिच्यावरचा मातीचा मोहोर कार्टर यांना अभंग सापडला होता. बर्टन यांचे त्या गाठीचे छायाचित्र मी कितीतरी वेळ न्याहाळत बसले होते. तीन हजारांहून अधिक वर्षे त्या दोरीला कोणाचा हात लागला नव्हता. माझ्या पुस्तकात त्या ठिकाणी जाड सुती दोऱ्याची खरीखुरी गाठ आहे आणि ती सोडल्याशिवाय आत जाता येत नाही.

चित्रलिपीच्या पानावर फिरणारी चकती आहे. हे काम तुलनेने लवकर झाले, कारण इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे मराठी शब्दांतली व्यंजने तेवढी घ्यावी लागली. ‘कमल’ हा शब्द टोपली, घुबड आणि सिंह अशा तीन चित्रांनी उमटतो. वाचायचे कोणत्या दिशेने, हे चित्रातले प्राणी ज्या बाजूला तोंड करून बसलेले असतील त्यावरून कळते. ते जिकडे पाहतात तिकडून सुरुवात करायची. राजाच्या नावात ‘आमुन’ उच्चारताना शेवटी येत असला तरी, देवाचा मान म्हणून तो राजाच्या नावाभोवतीच्या लांबट चौकटीत आधी लिहिलेला आहे, हेही मुलांना चकतीवर शोधता येते.

थडगे उघडणाऱ्यांना शाप भोवतो, अशी दंतकथा आहे; त्या शापाचे पान मी केले नाही. कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी डासाच्या चाव्याच्या जखमेत संसर्ग होऊन वारले, आणि ज्यांनी सर्वांत जास्त काळ त्या थडग्यात काम केले ते कार्टर १९३९ पर्यंत जगले, एवढे दोन ओळींत लिहून तो विषय संपवला.

पुस्तकासोबत एक वही आणि आकड्यांच्या छोट्या चिठ्ठ्या दिल्या आहेत. बर्टन यांच्या छायाचित्रांत प्रत्येक वस्तूजवळ अशी आकड्याची चिठ्ठी उभी दिसते; आधी आकडा, मग छायाचित्र आणि नोंद, आणि त्यानंतरच वस्तूला हात, अशी ती शिस्त होती. पाच हजारांहून अधिक वस्तू अशा रीतीने बाहेर काढायला सुमारे दहा वर्षे लागली. पहिल्या देवघराचा आकडा २०७, दगडी पेटीचा २४० आणि २८ ऑक्टोबर १९२५ रोजी दिसलेल्या मुखवट्याचा २५६ अ. हेच आकडे मी चिठ्ठ्यांवर घातले.

पुस्तक प्रथम शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. त्याने ओढायची पट्टी इतक्या जोराने ओढली की ती बाहेरच आली. तेव्हा प्रत्येक पट्टीच्या आतल्या टोकाला आडवा अडसर चिकटवून घेतला. मुलगी मात्र पहिल्या दिवशी पायऱ्यांच्या पानापुढे गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या खोलीतल्या वस्तूंजवळ चिठ्ठ्या ठेवल्या आणि वहीत त्यांची चित्रे काढली. पाचव्या दिवशी ती गाठीपाशी आली, तेव्हा दोरा सोडायला घेतलेला हात तिने मागे घेतला आणि माझा मोबाइल मागितला. समोरून एक आणि बाजूने एक अशी दोन छायाचित्रे काढून झाल्यावरच तिने गाठ सोडली, आणि सुटलेला दोरा वहीत चिकटवून त्याच्याखाली स्वतःचा नवा आकडा घातला.