निजामाच्या कागदांत सुतार पणजोबा

मराठवाड्यातला बलुतेदार पूर्वज शोधायचा तर आडनाव बाजूलाच ठेवा. जुन्या नोंदीत बहुतेकदा 'अमुक वल्द तमुक सुतार' एवढंच असतं. वल्द म्हणजे मुलगा. म्हणून आधी बापाचं नाव आणि गाव पक्कं करा.

सुरुवात शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीपासून करा, आजोबांच्या नावाने. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात सर्व्हे नंबर सांगून 1954-55 च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते सांगणाऱ्या तक्त्याची, नक्कल मागा. सुताराला गावकीची, म्हणजे गावाच्या कामाबद्दल मिळालेली, इनाम जमीन असेल तर धागा तिथून मागे जातो. सर्व्हे नंबर बदललेला असला तर आधी जुना-नवा नंबर जुळवून घ्या, नाहीतर भलत्याचीच जमीन हाती येते.

खरी गफलत सालात होते. निजामी कागदावर फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, असतं आणि ते ऑक्टोबरात सुरू होतं. इसवी सन काढायला त्यात 590 मिळवा. जानेवारीपासून पुढची नोंद असेल तर 591. म्हणजे फसली 1330 हे 1920-21. तेच हिजरी समजलात तर 1911-12 येतं, आणि पणजोबा नऊ वर्षांनी म्हातारे होतात!

उर्दू नक्कल जाणकाराकडूनच वाचून घ्या. लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, पुसट होतात. ब, प, त यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. सुताराऐवजी 'नज्जार' लिहिलेलं असेल तर चक्रावू नका, तो सुतारच.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या भटजींच्या, वह्याही बघा. तिथे मात्र आडनाव लागतंच.