रावानचा ठेका आणि कास्काव्हेलची जाखडी

ढोलकीवाल्याला परदेशात काम मिळतं ते बहुतेक हॉटेलात. आमच्या संचाला मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये मिळालं. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी ‘भारतीय कार्यक्रम’ करायचा. गण, कोळीनृत्य, जोगवा, दोन लावण्या आणि शेवटी पाहुण्यांना उठवून नाचवायचं. समोर फ्रान्सचे, दक्षिण आफ्रिकेचे, शेजारच्या रेयुनियन बेटावरचे लोक. त्यांचं जेवण चालू, गप्पा चालू आणि त्यात आमची ढोलकी. काम चांगलं होतं, पैसे वेळेवर मिळत होते. पण लिहायला बसलोय ते त्या कामाबाहेर जे ऐकलं आणि वाजवलं त्याबद्दल, म्हणजे सेगा हा तिथला नाच-गाण्याचा प्रकार आणि तिथल्या मराठी माणसांची जाखडी.

मी परळचा. घर मूळचं रत्नागिरीकडचं, वडील गिरणीत. लहानपणापासून कानावर पडला तो शक्तीतुरा, म्हणजेच जाखडी. गावी जी जाखडी, तिलाच मुंबईत बाल्या नाच म्हणतात. बुवा मध्ये बसलेले, शेजारी ढोलकी आणि झांजा, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरतायत. आधी गण, मग गौळण आणि मग शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन तट एकमेकांना सवाल घालतायत. दामोदर नाट्यगृहात नमन आणि जाखडीचे प्रयोग लागले की आमची अख्खी चाळ जायची. ढोलकी मी तिथेच शिकलो, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या मागे बसून. पुढे लावणीच्या फडात गेलो, ऑर्केस्ट्रात गेलो, जाखडी मागे राहिली. वर्षातून एकदा गणपतीत वाजवायची, तेवढीच.

रिसॉर्टमध्ये आमचा कार्यक्रम नसेल त्या रात्री सेगा असायचा. मेकअपची खोली एकच, त्यामुळे सेगाच्या संचाशी रोजची गाठभेट. त्यांच्या बायकांचे घेरदार, झगझगीत झगे, पुरुषांचे फुलाफुलांचे शर्ट. आणि वाद्यं तीन. रावान म्हणजे लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं मोठं, चपटं चर्मवाद्य. मारावान म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या काड्या बांधून केलेली चपटी पेटी, आत बिया भरलेल्या, दोन्ही हातांत धरून हलवली की सळसळते. तिसरा लोखंडी त्रिकोण. बस. एवढ्यावर सगळं गाणं उभं राहतं.

रावान वाजवणारा गृहस्थ माझ्याहून वयाने बराच मोठा. त्याला इंग्रजी थोडं, मला क्रिओल, म्हणजे तिथली बोली, शून्य. त्याने माझी ढोलकी मागून घेतली, कातड्यावरच्या काळ्या शाईवरून बोट फिरवलं, चाट मारून पाहिली आणि मग रावान माझ्या मांडीवर ठेवलं. रावान उभं धरतात, कडं मांडीवर टेकवून, दोन्ही हातांनी वाजवतात. ठेका सहा मात्रांचा. मला वाटलं आपला सहा मात्रांचा खेमटा आला म्हणजे हेही आलं. हात चालला, पण झोक येईना. आपण वजन जिथे टाकतो तिथे ते हात हलका ठेवतात, आणि आपण जिथे सोडून देतो तिथे त्यांचा घुमारा येतो. ते अंगात मुरायला बरेच आठवडे गेले आणि त्या गृहस्थाने प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे पुन्हा वाजवून दाखवलं. आमच्याकडे काही उस्तादांनी हे शिकण्यासारखं आहे.

एका रविवारी तो मला त्याच्या लोकांत घेऊन गेला. तिथल्या सार्वजनिक किनाऱ्यांवर सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्या कोकणात असतात तशी. रविवारी त्या सावलीत घरंच्या घरं येऊन बसतात. बिर्याणीचे टोप, चटया, पोरंबाळं, गिटार. ऊन उतरल्यावर कोणीतरी सुरूच्या वाळक्या फांद्या पेटवल्या आणि रावानं त्या जाळासमोर धरली. आपल्याकडे हलगी शेकून घेतात, तसंच. कातडं तापत गेलं तसा आवाज चढत गेला, मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहणं चालू. हॉटेलात जाळ करायला परवानगी नाही, म्हणून तिथे प्लास्टिकचं कातडं लावलेली रावानं आणतात, हे मला तेव्हा कळलं. आवाजातला फरक कळायला मिनिट लागलं नाही. शेकलेल्या कातड्याला जो खोल दम असतो तो प्लास्टिकला कुठून येणार?

नाचही वेगळा. हॉटेलात गिरक्या, झग्याचे घेर, पाहुण्यांकडे बघून हसणं. इथे पाय जमिनीवरून फारसे उचलतच नाहीत, वाळूतून सरकवत पुढे जातात, कंबर हलते, हात पसरलेले. नवरा-बायको, सासू-जावई, शेजारीण-शेजारी, सगळे नाचतायत. गाणारा एक ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. गाणी क्रिओलमध्ये. कोणाचा नवरा दारू पितो, कोणाची बोट बुडाली, कोण कोणाला सोडून गेलं. त्या जागेवरच रचलेल्या ओळीही होत्या, कारण माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं गेलं आणि सगळे खळखळून हसले.

हा सेगा गुलामांचा. मादागास्कर आणि मोझांबिककडून पकडून आणलेल्या माणसांनी उसाच्या मळ्यांवर, रात्री, जाळाभोवती जपलेला. चर्चला तो पापी वाटायचा, प्रतिष्ठित घरांत त्याचं नावही घेत नसत. 1835 मध्ये गुलामी संपली, तरी त्याला मान मिळायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. ती फ्रेर या नावाने बेटभर ओळखले जाणारे जाँ आल्फोन्स रावाताँ (1900–1992) आयुष्यभर गात राहिले. 1964 मध्ये बेटाच्या नैऋत्य टोकाच्या ल मॉर्नला सेगाची मोठी रात्र झाली, तिथे त्यांना सेगाचा राजा म्हटलं गेलं. 2014 मध्ये युनेस्कोने पारंपरिक सेगाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. लावणीवाल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. ज्यांना दारात उभं करत नव्हते त्यांचीच कला पुढे देशाचं भूषण म्हणून दाखवायची, हे दोन्हीकडे झालंय. मात्र ल मॉर्नचा डोंगर समोर दिसत असताना सेगा ऐकणं फार जड जातं. पळून गेलेले गुलाम त्याच कड्यांवर लपून राहायचे.

आता आपल्या माणसांबद्दल. गुलामी संपतानाच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलास’ जहाजातून 36 जण उतरले, ते कलकत्त्याकडून आलेले. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरातूनही माणसं आली, आणि मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरलेला माणूस दगडी पायऱ्या चढून आत यायचा, त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. 2006 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आत न्हाणीघरं, दवाखाना, माणसांना ठेवायची जागा, सगळं दगडाचं आणि लहान. मी त्या पायऱ्यांवर उभा राहिलो तेव्हा भाऊचा धक्का डोळ्यांसमोर आला. आमच्या घरचे लोकही गलबताने, मग बोटीने रत्नागिरीहून मुंबईला आले. ते धक्क्यावर उतरून गिरणीत गेले, दुसरे पुढच्या जहाजात चढून उसात गेले. माझ्या आणि तिथल्या मराठी माणसाच्या मध्ये एवढंच अंतर आहे.

रिसॉर्टच्या देखभाल विभागात काम करणारा एक जण कास्काव्हेलचा निघाला. आमचा गण ऐकून तो मेकअपच्या खोलीत आला आणि शाळेत शिकलेल्या, जपून जुळवलेल्या मराठीत म्हणाला, “गणपतीला तुम्ही आमच्या घरी या.” कास्काव्हेल हे मराठी लोकांचं जुनं गाव. बेटावरचा पहिला गणेशोत्सव 1896 मध्ये तिथेच झाला असं ते सांगतात. म्हणजे टिळकांनी सार्वजनिक गणपती सुरू केल्यानंतर तीनच वर्षांनी.

आम्ही चौघं गेलो. ऊस तोडणीचा हंगाम, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि लांबवर डोंगर. हवा थंड, कारण तिथे गणपती हिवाळा सरतासरता येतो. भाद्रपदात पाऊस नाही, चिखल नाही, याची मला सवय व्हायला वेळ लागला. दारात रांगोळी, आत मूर्ती, मोदक, आणि मूर्तीशेजारच्या भिंतीवर काचेत लावलेला एक जुना कागद. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारी मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, वंशज तिथे जाऊन आपल्या माणसाची नोंद काढून आणतात. ही त्या घराच्या पणजोबांची. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा रत्नागिरी. आडनाव नाही. तिथे पुष्कळ मराठी घरांची आडनावं म्हणजे बोटीतून उतरलेल्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नावच आहे, फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात अडकलेलं. घरातल्या आजींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “जेवलास काय, पोरा?” पुढचं बोलणं क्रिओलमध्ये, नातवाने मराठीत करून सांगितलं. पण तो पहिला प्रश्न आमच्या आत्याचाच होता, आवाजासकट.

रात्री जाखडी झाली. तिथे तिला झाकरी म्हणतात. मध्ये गाणारे, ढोलक, झांजा, भोवती रिंगण. रिंगणात आठ-दहा वर्षांची मुलंमुली आणि सत्तरीचे दोन आजोबा एकाच ओळीत. मला ऐकायला मिळालं त्यात सवाल-जवाब नव्हते, शक्ती-तुरा असे तटही नव्हते. लय आमच्याहून बरीच संथ. आमच्याकडे स्पर्धेमुळे ठेका इतका चढलाय की शब्द मागे पडतात. इथे प्रत्येक ओळ पूर्ण ऐकू येत होती. गाणाऱ्यांच्या हातात वह्या होत्या, काहींत देवनागरी, काहींत रोमन अक्षरं. सगळ्या ओळींचा अर्थ त्यांना लागत होता असं नाही. एका ठिकाणी शब्द झिजून वेगळाच झाला होता, पण चाल आणि पाय तिळभर हललेले नाहीत. झुकून दोन पावलं पुढे, गिरकी, टाळी. माझ्या वडिलांची पिढी तसंच नाचायची, आता आमची पोरं तसं नाचत नाहीत.

त्यांनी ढोलक माझ्यापुढे सरकवला. मी त्यांच्या लयीत वाजवायला बसलो. हात सारखा पुढे पळायला बघत होता, आणि आजोबांचे पाय मला मागे धरून ठेवत होते. अर्ध्या तासाने हात शांत झाला. इतकी वर्षं ढोलकी वाजवतोय, पण नाचणाऱ्याच्या पावलावर इतका विसंबून मी पूर्वी वाजवलं नव्हतं.

तिथे सरकारी सुट्टी असते ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, कारण बहुतेक घरचे गणपती दीड दिवसाचे. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात मराठी माणूस मूठभर, पण सुट्टी सगळ्या देशाला. विसर्जनाला आम्ही समुद्रावर गेलो. किनाऱ्याभोवती प्रवाळाचा बांध असल्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं. लाटा लांब बांधावर फुटतात, इथे कंबरभर पाण्यात माणूस आरामात चालत जातो. गिरगाव चौपाटीची रेटारेटी, लाऊडस्पीकर, क्रेन यांतलं काही नाही. शेजारपाजारचे ख्रिश्चन आणि मुसलमान लोकही आले होते. सेगावाला माझा मित्र आला होता, रावान घेऊन. आरती झाल्यावर परतीच्या वाटेवर त्याने ठेका धरला आणि झांजवाल्या पोरांनी तो बरोबर उचलला.

खाण्याबद्दल थोडंसं. पोर्ट लुईच्या बाजारात धॉल पुरी खा. आत भरडलेल्या डाळीचं पुरण, पण तिखटमिठाचं, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांचं कालवण आणि टोमॅटोचा रुगाय. सोबत गातो पिमाँ, म्हणजे आपल्या डाळवड्याचा धाकटा भाऊ. प्यायला आलुदा, त्यात सब्जा असतो. शाकाहारी माणसाची कुठेही अडचण होत नाही.

परत आल्यावर तिथल्या लोकांच्या परवानगीने केलेलं ध्वनिमुद्रण मी आमच्या मंडळाच्या बुवांना ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत बसले आणि एका गौळणीला मध्येच थांबवून म्हणाले, “ही चाल मी माझ्या आजाकडून ऐकली आहे. परत लाव.” आता मंडळात ठरलं आहे की यंदा गणपतीत एक गौळण जुन्या लयीत बसवायची. पोरं कुरकुरतायत, संथ लयीत पाय दुखतात म्हणून. त्यांचंही खरं आहे, संथ नाचणं जास्त अवघड. तालीम रविवारी संध्याकाळी असते.

कोणाला जायचं असेल तर मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचवतं, घड्याळ दीड तास मागे करायचं. शक्य असेल तर गणपतीत जा, किंवा 2 नोव्हेंबरला, त्या दिवशी मजुरांच्या आगमनाची सुट्टी असते. हॉटेलातला सेगा बघा, वाजवणारे तिथेही मनापासून वाजवतात. पण रविवारी दुपारी सुरूच्या बनात नक्की जा, आणि जाळ पेटलेला दिसला तर विचारून शेजारी बसा. नाही कोणी म्हणत नाही.