ब्राँझची डाय, बन्सीचा रवा आणि उधारी : आमची वाटचाल

वांद्रे, लोअर परळ, काळा घोडा इथल्या नव्या धाटणीच्या इटालियन रेस्टॉरंटांत ताटात येणारा ताजा रिगातोनी (जाड नळ्यांचा पास्ता) बऱ्याचदा तिथल्या किचनमध्ये बनलेलाच नसतो. मुंबईत किचनला जागा असते कुठे? तो पास्ता बनवणाऱ्या आमच्यासारख्या गाळ्यांतून येतो. मेनूवर मात्र ‘हाउसमेड’ छापतात. असो.

आमच्या अंधेरीच्या गाळ्यात पहिल्यापासून एक्स्ट्रूडर, म्हणजे पीठ दाबून बाहेर काढणारं मशिन आहे आणि ब्राँझच्या डाय, म्हणजे पास्त्याला आकार देणाऱ्या भोकांच्या चकत्या. टेफ्लॉनच्या डायमधून पास्ता गुळगुळीत, चकचकीत निघतो आणि सॉस त्यावरून ओघळतो. ब्राँझमधून खरखरीत निघतो, सॉस धरतो. काम संपलं की डाय लगेच पाण्यात बुडवायची. भोकांत पीठ वाळलं तर लाकडी काडीने काढायचं. तार घातली की भोकाची कड गेली आणि प्रत्येक नळीला चीर आली.

अंडं चालत नाही असे ग्राहक मुंबईत भरपूर, त्यामुळे आमचा बहुतेक माल रवा आणि पाण्याचा. पास्त्याला लागतो तो डुरम, म्हणजे कडक गहू; बन्सी हा आपला डुरमच; त्याचा रवा पुन्हा बारीक दळून घेतो. १ किलो रव्याला ३०० ते ३२० मिली पाणी, पावसाळ्यात थोडं हात राखून. मिश्रण कणकेसारखं मळलेलं नको, मोकळं हवं : मूठ वळली की गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा. पाणी जास्त झालं तर नळ्या ट्रेमध्येच चपट्या होतात. कमी पडलं तर मशिन तापतं, पीठ ५० अंशांच्या वर जातं आणि ग्लुटेनची, म्हणजे पीठ बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची ताकद जाते.

सुरुवातीची काही वर्षं नीट गेली. मग एक स्पर्धक उतरला. भाव आमच्यापेक्षा बराच कमी, पाकिटावर ‘डुरम’, आत मैदा आणि पिवळा रंग. इटलीत सुका पास्ता डुरमच्याच रव्याचा असावा असा कायदा १९६७ मध्येच झाला. इथे खरेदी विभाग फक्त दर बघतो. एकेक करून रेस्टॉरंटं गेली, मशिन आठवड्यातले निम्मे दिवस बंद.

फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही. १ लिटर खळखळत्या पाण्यात १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम पास्ता. डुरमचं पाणी जरासं गढूळ होतं, आणि तेच सॉस बांधायला हवं असतं. मैद्याचं पाणी खळीसारखं होतं, रंगही उतरतो. खरी परीक्षा त्यानंतर. प्लेट पासवर, म्हणजे किचनमधून बाहेर जायच्या कट्ट्यावर थांबते, टेबलावर पोचल्यावर फोटो निघतात, तोवर मैद्याचा पास्ता सॉस पिऊन लगदा झालेला असतो. खाणारा शिव्या शेफला देतो.

वांद्र्याच्या एका रेस्टॉरंटचे हेड शेफ तेवढे टिकले. त्यांनी मालकांना बोलावलं, दोन्ही पास्ते एकाच सॉसमध्ये टॉस केले, पासवर ठेवून दिले आणि गप्पा मारून झाल्यावर खायला लावले. ऑर्डर तिथेच राहिली. त्या एका ऑर्डरवर गाळ्याचं भाडं निघत होतं.

उधारीचं दुखणं वेगळं. लाखांच्या इंटीरियरची रेस्टॉरंटं पास्त्याचं बिल लटकवतात. एक तर थकबाकी ठेवूनच बंद झालं. नव्यांनी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करावी आणि नंबर बिलावर छापावा. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत चुकली तर तो खर्च रेस्टॉरंटच्या करपात्र उत्पन्नातून पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच वजा होतो. एवढं सांगितलं की त्यांचा सीए स्वतःहून फोन करतो.

आणि खाणाऱ्यांनीही ‘अजून शिजवून आणा’ म्हणून प्लेट परत पाठवू नये. दाताखाली लागतो तो कच्चेपणा नाही, डुरम आहे.

तो स्पर्धक आता पिझ्झा बेस विकतो म्हणतात. पाकिटावर काय छापतो, देव जाणे.