समोरचा देतोय ते घ्यावं, की दावा लावावा?

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ह्यांचा अपघात झाला, तेव्हापासून नऱ्हे, धायरी, आंबेगाव भागात कुणाच्या घरी असा प्रसंग आला की कुणीतरी माझा नंबर देतं. फोनवरचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ताई, गाडीमालकाचा माणूस दवाखान्यात येऊन बसलाय. आत्ता रोख देतो म्हणतोय, पण पुढं केस करायची नाही असं लिहून मागतोय. घ्यावं का? कोर्टात खरंच काही मिळतं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. उत्तर आधीच सांगते: दवाखान्यात कशावरही सही करू नका. दावा लावा. मिळतं. वेळ लागतो, चपला झिजतात, पण मिळतं. आणि किती मिळणार हे बरंचसं पहिल्या महिना-दोन महिन्यांत घरच्यांनी कुठले कागद धरून ठेवले यावर ठरतं.

हा रस्ता इथल्या लोकांना सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार. साताऱ्याकडून येणारे अवजड ट्रक आणि कंटेनर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि खाली त्याच रस्त्यावर कामावर निघालेल्या दुचाक्या आणि शाळेच्या व्हॅन असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने इथं गाड्यांची रांगच्या रांग उडवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंटेनरच्या अपघातात आग लागून माणसं गेली. तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या. आमचा अपघात पेपरात आला नाही. एका दुचाकीला मागून ट्रकची धडक, एक जखमी, एवढीच त्याची नोंद. ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उजव्या कोपराचा चुरा झाला, मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात आलेला माणूस सज्जन वाटतो. फळं आणतो, सासूबाईंच्या पाया पडतो. त्याच्याकडचे पैसे त्या घटकेला फार मोठे दिसतात, कारण बाहेर काउंटरवर बिल वाढत असतं. शिवाय नातेवाइकांपैकी कुणीतरी हळूच म्हणतं, "माणूस वाचला ना, आता पैशाच्या मागं कशाला लागायचं? त्या ड्रायव्हरच्या घरीपण लेकरं आहेत." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याला इथं उत्तर दिल्याशिवाय पुढं जाववत नाही.

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा असलाच पाहिजे, असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ सांगतं. आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो, ती त्रयस्थ व्यक्ती म्हणजे रस्त्यावर जखमी झालेला तुमचा माणूस. त्याच्यासाठीच मालक दरवर्षी हप्ता भरतो. पॉलिसी चालू असेल आणि ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स असेल, तर भरपाई विमा कंपनी देते. ड्रायव्हरच्या लेकरांच्या ताटातलं काही जात नाही. लायसन्समध्ये खोट निघाली, तरीही बऱ्याचदा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. दवाखान्यात येऊन बसलेला माणूस हे सांगत नाही. हक्काचं मागणाऱ्याला लोभी ठरवणं मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

आता हिशेब. "तुम्हाला किती मिळाले?" असं सगळे विचारतात. आकडा मी सांगत नाही, कारण तो तुमच्या कामाचा नाही. आकडा कसा निघतो ते कामाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाची कमाई कितीने गुणायची तो आकडा, ठरवून दिले. माणूस २१ ते २५ वर्षांचा असेल तर १८, ३६ ते ४० चा असेल तर १५, ४६ ते ५० चा असेल तर १३, असं उतरत जातं. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने पुढं वाढू शकणारी कमाईही धरायला सांगितली: स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के जास्त.

समजा, ३८ वर्षांचा कारागीर महिना २०,००० रुपये मिळवतो. वर्षाचे २,४०,०००. त्यात ४० टक्के वाढ धरली की ३,३६,०००. पंधराने गुणलं की ५०,४०,०००. आता प्रश्न उरतो, या कमाईतली किती टक्के गेली? डॉक्टरांच्या दाखल्यावर ३५ टक्के कायमचं अपंगत्व लिहिलंय, म्हणून ३५ टक्केच धरायचे तर १७,६४,०००. पण त्याच्या धंद्यापुरती हाताची ६० टक्के क्षमता गेली असं सिद्ध झालं, तर ३०,२४,०००. दुखापत तीच, दाखला तोच, आणि मधला फरक साडेबारा लाखांहून जास्त.

हा फरक कायद्याने मान्य केलेला आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायालयाने उदाहरणच दिलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून कोर्टात विचारायला लावायचं ते हे की, हा हात काय काम करत होता? ह्यांच्या कामात तांब्याची बारीक तार बोटांनी ओढून स्लॉटमध्ये बसवावी लागते, वेढे मोजावे लागतात, जड मोटार उचलून टेबलावर ठेवावी लागते. आमच्या वकीलबाईंनी हे एकेक काम डॉक्टरांना साक्षीत विचारलं. कोपर किती अंशात वाकतो, मूठ किती आवळते, वजन किती पेलतं. डॉक्टर साक्षीला आले म्हणून हे झालं. नुसता दाखला दाखल करून थांबलात तर समोरचा वकील म्हणतो, ३५ टक्के म्हणजे ३५ टक्के.

दुसरी लढाई कमाईची. नोकरदाराकडे पगारपत्रक असतं. आपल्यासारख्यांकडे काय असतं? आमच्याकडे आयकराची विवरणपत्रं नव्हती. पण शॉप ॲक्टचा परवाना होता, तारवाल्या व्यापाऱ्याची बिलं होती, बँकेच्या पासबुकात गिऱ्हाइकांचे ऑनलाइन आलेले पैसे होते, आणि दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी पंपांची कामं हेच करायचे असं सांगायला तयार होते. धाकट्या दिरांनी वर्षभराच्या नोंदी काढून महिन्यावार मांडल्या. कंपनीचा वकील उलटतपासणीत म्हणाला की ही उलाढाल आहे, कमाई नव्हे. त्याचं बरोबरच होतं, म्हणून तारेचा आणि भाड्याचा खर्च आम्ही आधीच वजा करून दाखवला होता. खोटा फुगवलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही, आणि एक खोटं सापडलं की खऱ्यावरही संशय येतो.

पहिल्या दिवसांत काय करायचं ते सांगते. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्यातली एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणांची) नोंद, गाडीचा आणि पॉलिसीचा नंबर, ड्रायव्हरचं लायसन्स, आरटीओने केलेल्या वाहन तपासणीचा अहवाल. पंचनाम्यात गाड्या कुठं थांबल्या होत्या, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा कुठं होत्या हे यायला हवं, कारण उद्या कंपनी म्हणणार की दुचाकीवाल्यानेच अचानक लेन बदलली, निम्मी चूक त्याची. जवळच्या पेट्रोल पंपाचं, हॉटेलचं सीसीटीव्ही चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जप्त करा असा लेखी अर्ज पोलिसांना द्या आणि पोच घ्या. औषधाची चिठ्ठी, रिक्षाची पावती, काहीही टाकू नका. येण्याजाण्याचा, पोषक आहाराचा, शुश्रूषेचा खर्च वेगळा मागता येतो. घरच्या बाईने रात्रंदिवस केलेली सेवाही शुश्रूषेत मागता येते. ती मागा. तुमची नोकरी, शिवणकाम, डबे त्या काळात बंद पडले असतील तर तेही सांगा.

१ एप्रिल २०२२ पासूनचे नवे नियम आपल्या बाजूचे आहेत, पण फार थोड्यांना माहीत असतात. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि हक्कांची माहिती देणारा कागद तुम्हाला द्यायचा असतो. तपास अधिकाऱ्याकडे तो मागा. मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. तो सविस्तर अहवाल न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणूनही धरू शकतं, पण त्यावर विसंबून राहू नका. अपघातापासून सहा महिन्यांत स्वतःचा अर्ज दाखल करा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, त्यामुळे मुदत उलटली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय घरी बसू नका. अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असंही नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. नवले पुलाजवळ जखमी झालेला साताऱ्याचा माणूस साताऱ्यात दावा लावू शकतो.

विमा कंपनी त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली ठरावीक रक्कमही देऊ करते. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि त्यात कुणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही. चूक सिद्ध होणं अवघड असेल, साक्षीदार नसेल, तर ती घेण्यात शहाणपण आहे. पण ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. मघाचा हिशेब समोर ठेवून ठरवा. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर तहसीलदार किंवा प्रांताकडे अर्ज करायचा. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार अशी सरकारी योजना आहे. रक्कम तुटपुंजी आहे, मला ती अन्यायाची वाटते, पण सोडू नका.

फौजदारी खटला वेगळा आणि दावा वेगळा, हेही लोकांना कळत नाही. ड्रायव्हर तिकडे सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप पडत नाही. दाव्यात सगळं पाहून घटना कशी घडली असणं जास्त संभवतं, एवढं पुरतं.

ज्या घरातली बाई गेली, तिथले लोक तर दावाच लावत नाहीत. "ती कमवत नव्हती," म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती निकालात आणि त्याआधीही स्पष्ट म्हटलंय की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि तिचं उत्पन्न धरून भरपाई द्यायला हवी. आंबेगावच्या एका कुटुंबाला मी हे तीनतीनदा समजावलं. त्यांचा दावा आता चालू आहे.

वेळ किती लागतो? वर्षं लागतात. तारखेला कधी कंपनीचा वकील नसतो, कधी साक्षीदार. अर्ज दाखल केल्यापासून व्याज देता येतं, म्हणून अर्ज लवकर करणं महत्त्वाचं. मधेच लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येतो. आमचं प्रकरण तिथंच मिटलं, पण डॉक्टरांची साक्ष झाल्यानंतर. कारण तोवर कंपनीला कळून चुकलं होतं की टक्केवारी दाखल्यावरच्या आकड्यावर थांबणार नाही. साक्षीपुराव्याआधी आलेला प्रस्ताव बहुधा कमीचा असतो. आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा घाईत मान डोलावू नका. मंजूर रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवायला न्यायाधिकरण सांगतं, त्यावर चिडू नका. ज्या आठवड्यात पैसे येतात त्याच आठवड्यात उसने मागणारेही येतात.

राहिला वकील. दवाखान्याच्या दारात एजंट भेटतात, "मिळालं तर तीस टक्के आमचे" म्हणतात. वकिलाने भरपाईतली टक्केवारी फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना आधार कार्ड, एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या.