तुम्ही विचारलंत म्हणून: लक्षद्वीपला कोरल उरलेत का?

लक्षद्वीपला जावं का, कोरल अजून आहेत का आणि तू डायव्हिंगचं काम का सोडलंस, आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आहेत. पण निम्मे. अगत्ती, कडमत, कवरत्ती या बेटांपाशी तळाचा जिवंत कोरलने झाकलेला भाग १९९८ ते २०२२ मध्ये ३७ टक्क्यांवरून १९ वर आला. मधे १९९८, २०१०, २०१६ असं तीनदा पाणी तापलं, आणि मग २०२४.

हात लावू नका, सनस्क्रीन लावून उतरू नका, हे मीही ब्रीफिंगला घोकायचो. चूक नाहीये ते, पण पाणी नेहमीच्या भर उन्हाळ्यापेक्षा एखादी डिग्री जास्त तापून महिनाभर तसंच राहिलं ना, की कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं, ज्याच्यामुळे त्याला रंग असतो आणि बरंचसं जेवणही. मग आतला पांढरा सांगाडा दिसतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. मेलेलं नसतं हां तेव्हा, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर वाचतंही.

तर एप्रिल २०२४. जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे ते फोटो व्हायरल झाल्यापासून बुकिंगला उसंत नव्हती. १५ तारखेला अमेरिकेच्या नोआने, म्हणजे तिथल्या समुद्र-हवामानाच्या सरकारी संस्थेने, जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर केलं, आमच्या ग्रुपवर लिंक आली, मी अंगठा दिला. त्यानंतर दहाएक दिवसांनी ठाण्याचे एक काका आले, साठीचे, पोहता येत नाही, हात धरून आठ मीटरवर नेलं. मनगटावरच्या कॉम्प्युटरवर ३१ डिग्री. फांद्यांचं कोरल पांढरं पडलेलं, मधेच काही जांभळंनिळं चमकत होतं, आणि आमची ठरलेली अ‍ॅनिमोनी, म्हणजे तळाला चिकटलेला झुपकेदार समुद्री प्राणी, जिच्यापाशी प्रत्येकाचा फोटो काढायचो, तीपण खडूसारखी. त्यातला क्लाउनफिश मात्र तसाच केशरी, नेहमीसारखा मास्कवर धावून येणारा. फोटो काय आला म्हणून सांगू, पाच वर्षांत तसा आला नव्हता.

वर आल्यावर काका तोंडातला रेग्युलेटर काढून पहिलं काय म्हणाले, तर "काय स्वच्छ आहे रे खाली! पांढरंशुभ्र!"

मी म्हणालो, "हो काका."

बोटीवर अजून सहा जणांची पाळी बाकी होती, माणूस एवढा खर्च करून आलेला, त्याला ओल्या अंगाने मरणाच्या गोष्टी सांगायच्या का? असं मी वर्षभर स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला टिप हवी होती. मिळालीही, पाचशे.

काम सोडलं ते निषेध वगैरे म्हणून नाही, उगाच मोठं करू नका. कान आधीपासूनच दुखायचा. पण नुसता कानच असता तर एवढं लिहिलं नसतं, तेही आहे.

जावं का ते तुमचं तुम्ही ठरवा. लोकांनी डोळ्यांनी बघितलं की त्यांना कळेल, जपावंसं वाटेल, हे मी पाच वर्षं सगळ्यांना ऐकवायचो, कोणी वाद घातला तर चिडायचोही. काकांनी बघितलं की. अजून डीपीला आहे तो फोटो.