व्हॉट्सॲपकडून पोलिसांना काय मिळालं

दिराचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून सासूबाईंना मेसेज आला: आई, माझा फोन बिघडलाय, तातडीने पैसे पाठव. त्यांनी पाठवले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केल्याने काही रक्कम पुढच्या बँकेत अडकली. मग पोलीस ठाणं.

पोलीस पत्र लिहितील, कंपनी सगळं चॅट काढून देईल, असं घरात सगळे धरून चालले होते. तपासी अंमलदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, चॅट कंपनीकडे नसतंच. ते आईंच्या फोनमध्ये आहे. काही डिलीट करू नका." मेसेज पोचला की सर्व्हरवर राहत नाही, न पोचलेला 30 दिवस राहतो, तोही कुलूपबंदच. मग कंपनीला माहिती मागणारी नोटीस गेली, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 ची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 91. उत्तरात खातं कधी उघडलं, शेवटचं कधी वापरलं आणि आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर जोडताना मिळणारे नंबर. बस. सासरे वैतागले. मला मात्र बरंच वाटलं. त्या भामट्याचं चॅट वाचता आलं असतं तर आमचंही आलं असतं.

खरा वेळ गेला तो त्या आयपींवर. उत्तरातल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. अंमलदार पेन घेऊन प्रत्येक ओळीपुढे साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ लिहीत होते. एकच आयपी एका वेळी कितीतरी मोबाइलधारकांत वाटलेला असतो. मोबाइल कंपनीला वेळ चुकीची कळवली तर भलत्याच माणसाचं नाव यायचं.

चॅटचा पुरावा आम्हीच द्यायचा होता. फोन जमा करा, नाहीतर प्रत खरी असल्याचं, नव्या पुरावा कायद्याच्या (साक्ष्य अधिनियम) कलम 63 चं प्रमाणपत्र द्या. नातवाचे फोटो असलेला फोन सासूबाई सोडेनात, म्हणून प्रमाणपत्र. भाग अ आम्ही भरला, भाग ब तज्ज्ञाने. त्यात चॅटच्या फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा: 64 अक्षरं-आकडे. मी वाचत होते, दीर पडद्यावर बोट ठेवून ताडत होता. (असं प्रमाणपत्र लागतंच, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब खालचा, मूळ वाद आपल्या जालन्याच्या आमदारकीचा, खोतकर आणि गोरंट्याल यांचा.)

सिमकार्ड परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं. आपण ते कधी घेतलंच नाही, असं तो म्हणतो. अडकलेली रक्कम सोडवायला कोर्टात अर्ज टाकलाय.